चांदीवरील खुणा

नागपूरकर पहिले रघूजीराजे भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडनच्या सोथबी लिलावगृहांत विक्रीस निघाली व महाराष्ट्र शासनानें ती मिळविली, हें वृत्त आपल्या वऱ्हाडांत पुष्कळांनीं अभिमानानें वाचलें असेल. अशाच लिलावगृहांत जुन्या इंग्रजी बनावटीचीं चांदीचीं ताटें, चमचे व चहादाण्याहि विकल्या जातात. दोनशें वर्षांपूर्वींची चहादाणी खरोखर चांदीची आहे कीं नाहीं, हें घेणारानें कसें ओळखावें?

विद्यार्थिमित्रहो, त्या भांड्याच्या अंगावर ठोकलेल्या बारीक खुणाच त्याची साक्ष देतात. चालत्या सिंहाची खूण असल्यास हजार भागांत निदान ९२५ भाग शुद्ध चांदी आहे असें समजावें. बाकीचें बहुधा तांबें असतें. कारण निर्भेळ चांदी मऊ असल्यामुळें रोजच्या वापरांत टिकत नाहीं. दुसरी खूण परीक्षा झालेल्या शहराची: लंडनचें बिबट्याचें मुख, बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर. तिसरी वर्षाचें अक्षर व चौथी कारागिराच्या नांवाचीं आद्याक्षरें. १७८४ पासून १८९० पर्यंत कर भरल्याची निशाणी म्हणून राजाचें अथवा राणीचें मुखहि उमटवीत.

ह्या पद्धतीचें मर्म असें कीं, कारागीर आपल्या मालाची परीक्षा आपण करीत नाहीं. ती त्रयस्थानें करावयाची असते. इंग्लंडांत ह्याविषयीं पहिल्या एडवर्ड राजानें १३०० सालींच कायदा केला.

तरीहि लबाडी झालीच. कर चुकविण्यासाठीं लहान वस्तूवरील खुणांचा तुकडा कापून मोठ्या भांड्यास डाख देऊन बसवीत. अशा जागीं तोंडाची वाफ सोडली असतां सांधा दिसूं लागतो. तसेंच ‘ई. पी. एन. एस.’ हीं अक्षरें असल्यास आंत दुसरा धातु असून वर केवळ चांदीचा मुलामा आहे असें जाणावें.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत कापूस बुडाला कीं घरचे वाळे, तोरड्या सराफाकडे मोडीस जातात, आणि तेथें मोल ठरतें तें शुद्धतेवर. भारतीय मानक ब्यूरोनेंहि २००५ सालीं चांदीसाठीं हॉलमार्क सुरू केला. पालकांनीं खरेदी करतांना तो पाहावा व पावती जपून ठेवावी. खरेदीच्या दिवशींची ही सावधगिरी अडचणीच्या दिवशीं कामास येते.