यंत्राचा विक्रेता आणि खळ्यावरचे बलुते

आपल्या सभासदांच्या घरांतील पुढील पिढी आता केवळ धान्य, कापड वा किराणा यांत राहिलेली नाही. कोणी हिशेबाचे सॉफ्टवेअर विकतो, कोणी इलेक्ट्रॉनिक काटे, कोणी दुकानातील कॅमेरे. या तरुणांचा आम्हांस नेहमी एकच प्रश्न असतो : एकदा माल विकला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते, ते टिकवावे कसे? आम्ही घाऊक धान्याचे व्यापारी. यंत्रविद्येत आमची गती मॅट्रिकपुरतीच. तथापि यंत्रे विकत घेणारे म्हणून आमचा अनुभव दीर्घ आहे, आणि विकणाऱ्याचे गुणदोष घेणाऱ्याइतके कोणास कळतात?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर बेळगावच्याच इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथे सायकलींचे दुकान काढले व १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे आरंभीचे नांगर खपावयास फार काळ लागला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. लोक तीवरून शेतकऱ्याचे अज्ञान तेवढे काढतात. ते आम्हांस पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो नीट करी. फाळ बोथट झाला तर लोहार त्यास धार लावी. सुगीस खळ्यावर बलुते मोजून दिले की वर्षभराची निश्चिंती असे. बिडाचा नांगर घेतला की हा आधार तुटला, कारण मोडलेले ओतीव काम गावच्या भात्यावर सांधत नाही. ऐन नांगरटीत तो मोडला तर कोणाच्या दारी जावयाचे, ही शंकाही शेतकऱ्याच्या मनात असलीच पाहिजे.

पुढे १९१० साली कारखाना औंध संस्थानातील कुंडल येथे गेला व किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. नांगर करणाऱ्या मंडळींनी छापखान्याचा खटाटोप का करावा, याचा विचार आमच्या तरुण विक्रेत्यांनी अवश्य करावा.

जो नवे यंत्र विकतो तो गिऱ्हाइकाचा जुना बलुतेदार दूर करीत असतो. ती जागा त्यानेच भरावयास हवी. आमच्याकडे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा मुनीमजींच्या खतावणीची जागा संगणकाने घेतली. ज्याने तो बसविला तो गृहस्थ मोठा वाक्पटू होता. पुढे १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, छापील धान्यावर ५ टक्के कर लागू झाला. त्याहून मोठी गोणी करमुक्त राहिली. म्हणजे तोच तांदूळ २५ किलोच्या पिशवीत करपात्र आणि ३० किलोच्या पिशवीत करमुक्त! संगणकात एकाच मालाची दोन खाती करणे आले. दारात गाड्या उभ्या, बिल निघेना, आणि हे गृहस्थ टेलिफोन उचलीनात. अखेर शेजारच्या पेढीचे काम पाहणारा एक मुलगा रात्री दुकान बंद झाल्यावर आला व दोन वाजेपर्यंत बसून सर्व बसवून गेला. त्या रात्री त्याने काही विकले नाही. आज आमच्या गल्लीतील बहुतेक पेढ्यांचे काम त्याच्याकडे आहे.

काटेवाल्याचेही तसेच. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी फेरपडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे लागते. आमचा काटेवाला ती तारीख आपल्या डायरीत लिहून ठेवतो व आठवडाभर आधी स्वतः येतो. दुसरा कोणी हजार रुपये कमी सांगतो. आम्ही त्यास चहा पाजून निरोप देतो.

वार्षिक शुल्क मागावयास तरुण मंडळी संकोचतात. वस्तुतः संकोचाचे कारण नाही; बलुतेही वर्षासनच होते. मात्र त्या शुल्कात काय येते व काय येत नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावे. आणखी एक. काही विक्रेते गिऱ्हाइकाचा हिशेब अशा कुलुपात ठेवतात की दुसरीकडे जावयाचे म्हटले तर मागील वर्षांची खातीच हाती येत नाहीत. यास ते गिऱ्हाईक बांधून ठेवणे म्हणतात! चोपड्या आमच्या; मुनीम बदलला म्हणून त्या त्याच्या घरी जात नाहीत. जो विक्रेता पहिल्या भेटीतच सर्व खाती बाहेर कशी काढावयाची ते दाखवितो, त्याच्याकडून आम्ही दुसरे यंत्रही डोळे झाकून घेतो.