चालता संगणक मध्येच बंद का पडतो?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटात एका हप्त्यावरून चांगलीच कुरबुर झाली. एक ताई म्हणत होती, मी पैसे भरलेत. संगणकातल्या यादीत मात्र तिच्या नावापुढची जागा कोरी. तिच्या पासबुकात सही होती म्हणून निभावलं. झालं होतं असं, की नोंदी भरता भरता संगणक बंद पडला, शेवटच्या पाच-सहा नोंदी गेल्या आणि पुन्हा भरताना तिची नेमकी राहून गेली.

संगणक सचिवताईंच्या घरी असतो. तो असा अधूनमधून बंद पडायचा. ना काही सूचना, ना आवाज, पडदा एकदम काळा. तालुक्याला दाखवला, तर दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या. पैसा गटाचा, म्हणून आम्ही म्हटलं, जरा थांबू.

आधी संगणकाशेजारी एक वही ठेवली. बंद पडला की त्यात तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता पडला, सुरू करून किती वेळ झाला होता, आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं. महिनाभरात वहीत दोन गोष्टी दिसल्या. काही वेळा तो दुपारी, तासभर चालल्यावर पडत होता आणि लगेच सुरू केला तर दहा मिनिटांत पुन्हा पडत होता. काही वेळा मात्र सकाळी, नुकताच सुरू केलेला असतानाही पडत होता.

दुपारचं कारण उष्णता. संगणकाचा जो प्रोसेसर असतो, तो काम करताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पट्ट्या आणि एक पंखा बसवलेला असतो. पंखा अडला, पट्ट्यांत धूळ भरली, की उष्णता आतच कोंडते. तापमान 100 अंशांच्या आसपास गेलं, की जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. तो बिघाड नव्हे, बचाव आहे. आमचा डबा उघडला तर आत धुळीबरोबर पिठाचा थर! सचिवताईंची घरघंटी त्याच खोलीत आहे. वर त्यांनी हौसेने विणलेलं क्रोशाचं झाकणही डब्यावर घातलेलं. झाकण देखणं आहे, पण ते संगणक बंद असतानाच घालायचं.

साफसफाई घरी करता येते. सगळ्या वायरी काढा, डबा अंगणात न्या, बाजूची पत्र्याची झडप उघडा. हात आधी डब्याच्या धातूला लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडा. पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. आणि मागच्या बाजूला जिथे विजेची वायर लागते, तो आतला चौकोनी डबा, म्हणजे एसएमपीएस, तो कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, जोराचा झटका बसतो.

सफाईनंतर दुपारचं बंद पडणं थांबलं. सकाळचं थांबेना. मग वही पुन्हा वाचली. सकाळच्या प्रत्येक नोंदीत एकच शब्द होता: दळण.

घरघंटीची मोटर सुरू होताना, पहिल्या क्षणाला, नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त वीज ओढते. वायरिंग जुनं असलं, की तेवढ्यापुरता घरातला दाब उतरतो. बल्ब मिणमिणतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. अशा वेळी यूपीएसने क्षणात बॅटरीवर जाऊन संगणक सांभाळायचा असतो. पण आमच्या यूपीएसची बॅटरी पाच वर्षांची. ती साधारण दोन-तीन वर्षं चालते. बाहेर हिरवा दिवा ऐटीत लागलेला, आत जीव नाही.

हे तपासणं सोपं आहे. संगणकाची वायर काढून यूपीएसला एक टेबल लॅम्प लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. दिवा लगेच गेला, तर बॅटरी संपली. एक मात्र पाहा, लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला नको. तो तापताना इतकी वीज घेतो, की चांगला यूपीएसही बंद पडतो.

आमचं काम नव्या बॅटरीवर भागलं. जुनी दुकानदाराला परत दिली, तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, उकिरड्यावर टाकायची नाही. घरघंटीसाठी वायरमनकडून मीटरपासून वेगळी, जाड वायर ओढून घेतली.

एवढं करूनही संगणक बंद पडला, तर मग दुकान. पण तिथेही, आधी दुसरा एसएमपीएस लावून बघा, असं सांगा. तो 230 व्होल्टची वीज 12, 5 आणि 3.3 व्होल्टवर आणतो आणि तोच कमजोर झाला, तर सगळा संगणक खराब वाटतो. मदरबोर्डवरच्या छोट्या पिंपांसारख्या कॅपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं. बंद पडण्याआधी निळा पडदा येत असेल, तर रॅम तपासायला सांगा.

आता आम्ही दर पाच नोंदींनी कंट्रोल आणि एस ही बटणं दाबतो, बैठक संपली की हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवतो. हाताची वही चालूच आहे. सचिवताईंनी घरघंटी पडवीत हलवली आहे, पण बैठकीच्या दिवशी दळण घेऊन येणाऱ्यांना त्या अजूनही जरा थांबवतातच.