कूर्चा : शरीराची जन्मभराची ठेव

कानाचा वरचा भाग बोटांनी दुमडून सोडून दिला, तर तो तत्काळ पूर्वीच्या आकारात येतो. खालची पाळी मात्र अशी उसळत नाही. ती नुसती लोंबते. कानाच्या वरच्या भागात हाडापेक्षा मऊ, परंतु मांसापेक्षा ताठर असा एक पदार्थ असतो. पाळीत तो नसतो. या पदार्थास कूर्चा असे म्हणतात. बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेस पाडलेले भोक पाळीतील भोकापेक्षा पुष्कळच सावकाश बरे होते, हे अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल. या विलंबाचे कारण समजून घेतले, म्हणजे कूर्चेचे सामर्थ्य कशात आहे आणि तिचे दौर्बल्य कशात आहे, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

कूर्चेची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी एकास ‘तरुण’ असे नाव दिले आहे. नाक, कान, मान व नेत्रकोश ही या प्रकाराची स्थाने होत. नळीसारखी हाडे मोडतात आणि तरुण हाडे वाकतात, हा भेदही त्या ग्रंथात नोंदविलेला आहे. आजचे शरीरशास्त्र कूर्चेला हाड न मानता स्वतंत्र ऊतक मानते. तरीही ‘तरुण’ हे नाव मोठे अन्वर्थक आहे. गर्भावस्थेत आपल्या बहुतेक हाडांचा साचा प्रथम कूर्चेचाच बनतो आणि पुढे तिची जागा हळूहळू हाड घेते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती तारुण्याच्या आरंभापर्यंत शिल्लक राहते. या चकतीमुळेच मुलांची उंची वाढते. चकतीचे हाड झाले की वाढ थांबते.

प्रत्येक प्राण्यात हा साचा हाडात बदलतोच असे मात्र नाही. मुशी म्हणजे शार्क, तसेच पाकट, या माशांचा सांगाडा जन्मभर कूर्चेचाच राहतो. चुन्याच्या क्षारांमुळे तो काही ठिकाणी कठीण होतो, इतकेच. कूर्चा हाडापेक्षा हलकी असते. अन्य माशांप्रमाणे मुशीच्या पोटात हवेची पिशवी नसते. त्यामुळे हलका सांगाडा आणि तेलाने भरलेले मोठे यकृत यांचे तिला पाण्यात तरंगण्यास साहाय्य होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ येणारा व २००१ सालापासून भारतात कायद्याचे संरक्षण लाभलेला व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा आहे. त्याचा प्रचंड देहही कूर्चेच्याच सांगाड्यावर उभा असतो.

मानवी शरीरात कूर्चेचे तीन प्रकार आढळतात. कानात व स्वरयंत्रावरील झाकणात लवचीक कूर्चा असते. पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांत व गुडघ्यातील अर्धचंद्राकार गाद्यांत तंतुमय कूर्चा असते. तिसरा प्रकार काचेसारख्या नितळ कूर्चेचा. श्वासनलिका मिटू नये म्हणून तिच्याभोवती असलेली इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची १६ ते २० कडी या कूर्चेची असतात. सांध्यांत हाडांच्या टोकांवर बसविलेले गुळगुळीत अस्तरही हिचेच होय.

हे अस्तर साधारणतः २ ते ४ मिलिमीटर जाड असते. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो आणि हे पातळ अस्तर तो वर्षानुवर्षे पेलते. त्याच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणीच असते. कोलॅजेन या प्रथिनाच्या चिवट तंतूंचे एक जाळे त्यात असून, पाणी ओढून घेणारे मोठे रेणू त्या जाळ्यात अडकलेले असतात. भार पडला की पाणी सावकाश झिरपते. भार हटला की पुन्हा आत शोषले जाते. दोन अस्तरांमधील घर्षण तर बर्फावर बर्फ घसरताना होणाऱ्या घर्षणापेक्षाही कमी असते.

परंतु कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील अस्तराच्या पेशींना पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातील वंगणरसातून, आणि तो रस आत-बाहेर खेळतो हालचालीच्या दाबामुळे. अन्यत्र जखम झाली की रक्त तेथे दुरुस्तीची सामग्री घेऊन धावते; कूर्चेकडे असे कोणी येत नाही. कानाच्या वरच्या भोकास लागणाऱ्या विलंबाचे कारणही हेच. शिवाय तिच्यात मज्जातंतू नसल्याने झीज सुरू झाली तरी खुद्द कूर्चा दुखत नाही. वेदना जाणवू लागते तोवर पुष्कळ हानी होऊन गेलेली असते.

नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. त्यास अनपेक्षित रीतीने पुष्टी मिळाली ती अणुचाचण्यांमुळे. १९५५ ते १९६३ या काळातील चाचण्यांनी वातावरणातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते. त्या काळात शरीरात जे घडले, त्यावर या कार्बनची खूण राहिली. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजेन तपासले. ते बालपणी व तारुण्यात घडलेले असून पुढे जवळजवळ बदललेलेच नाही, असे त्यांना आढळले. त्वचा व हाडे झीज भरून काढतात. कूर्चेचे हे जाळे मात्र एकदाच विणले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना संधिवाताचा झिजेशी निगडित प्रकार जडलेला होता. उपचारांचे प्रयत्न चालू आहेत. रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी बाहेर वाढवून गुडघ्यातील खड्ड्यात रोपण्याची पद्धती स्वीडनमधील शल्यवैद्यांनी १९९४ साली जगापुढे मांडली. लहान, मर्यादित जखमांत ती उपयोगी पडते. परंतु सर्वत्र झिजलेला सांधा तिने पूर्ववत होत नाही. अशा वेळी कृत्रिम सांधा बसविण्याचा मार्ग उरतो.

म्हणून ही ठेव जपणे हेच शहाणपणाचे. वजन कमी करणाऱ्या वयस्क रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात, शरीराचे वजन एक किलोने घटले तर गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलागणिक सुमारे चार किलोने घटतो, असे २००५ साली दिसून आले. याचा अर्थ गुडघ्यांना विश्रांतीच द्यावी, असा मात्र नव्हे. हालचाल थांबली की रसाचे येणे-जाणे मंदावते आणि कूर्चा पातळ होऊ लागते. बेताचे वजन, नियमित चालणे आणि सांध्यास झालेल्या इजेवर वेळीच उपचार, एवढी काळजी ज्याने घेतली, त्याने तारुण्यात विणलेले वस्त्र वार्धक्यापर्यंत पुरविण्याची तजवीज केली असे म्हणावे.