खोली भाड्याने देताय? आधी हिशेब, मग कागद, मग चावी



गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय वरचेवर निघतो. "ताई, शेळ्या झाल्या, शिलाई मशीन झालं. आता घरामागं एक खोली बांधून भाड्यानं द्यावी म्हणते." विचार चांगला आहे. गावाजवळ एमआयडीसी, आयटीआय, कॉलेज किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर खोलीला मागणी असते. स्टँडजवळ किंवा बाजारपेठेत जागा असेल तर गाळ्यालाही गिऱ्हाईक मिळतं. पण भाड्याचा पैसा हळूहळू येतो आणि कर्जाचं व्याज मात्र दर महिन्याला दारात उभं राहतं. म्हणून खोलीची चावी दुसऱ्याच्या हातात देण्याआधी ही माहिती वाचा.

आधी वहीत हिशेब मांडा

समजा, एक खोली आणि संडास-बाथरूम बांधायला २ लाख रुपये लागले. भाडं ठरलं महिना २,००० रुपये. आपण लगेच म्हणतो, वर्षाचे २४,००० सुटले. पण एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत महिनाभर खोली रिकामी राहते. म्हणजे हातात आले २२,०००. घरपट्टी, रंग, गळका नळ, तुटलेली कडी यात ४,००० गेले असं धरा. उरले १८,०००.

आता हेच २ लाख कर्जाचे असतील तर? गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा २ रुपये महिना या दराने असेल, तर पहिल्या वर्षाचं व्याजच ४८,००० च्या आसपास जाईल. बँकेचं कर्ज १२ टक्क्यांनी मिळालं तरी व्याज २४,००० च्या घरात. भाडं मात्र १८,०००. म्हणजे मुद्दल तर सोडाच, भाड्यातून व्याजसुद्धा फिटत नाही. सगळं बांधकाम कर्जावर करायचं नाही ते याचसाठी.

मग सुरुवात कुठून करायची? घरात आहे त्या जागेपासून. जुनी खोली, बंद पडवी, रस्त्याकडेचं पडीक दुकान बघा. समजा, ३०,००० रुपयांत फरशी, दरवाजा आणि वायरिंग झालं आणि खोली १,२०० रुपयांनी गेली. अकरा महिन्यांचे १३,२०० येतात. किरकोळ खर्चाचे २,२०० काढले तरी ११,००० उरतात. तीन वर्षांच्या आत खर्च वसूल होतो आणि भाडेकरू सांभाळायची सवयही लागते. नवी खोली त्यानंतर, शक्यतो साठवलेल्या पैशातून.

कर्ज घेणारच असाल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: तीन महिने खोली रिकामी राहिली, तर मी हप्ता कशातून भरीन? उत्तर मिळत नसेल तर थोडं थांबा. आपला हप्ता चुकला तर गटातल्या दुसऱ्या बाईचं कर्ज अडतं.

जागा कुणाच्या नावावर आहे?

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. घर सासऱ्यांच्या नावावर असेल किंवा भाऊबंदांचा हिस्सा असेल, तर त्यांची लेखी संमती घ्या. नाहीतर भाडं सुरू झाल्यावर घरातच भांडण सुरू होतं. घराला नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लावता येतं. तुमचं नाव लागलं नसेल तर त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करा. राबायचं आपण आणि कागदावर मात्र आपण कुठेच नाही, असं होऊ देऊ नका. भाडंही शक्यतो तुमच्या बँक खात्यावर घ्या.

नवं बांधकाम करायचं असेल तर परवानगीची चौकशी आधी करा. सरकारी घरकुल स्वतः राहण्यासाठी मिळालेलं असतं, ते भाड्याने देऊ नका.

कागद केल्याशिवाय चावी नाही

"ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?" इथेच आपण फसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या भागांना लागू आहे, तिथे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. कलम ५५ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, आणि ते खोटं ठरवणं आपल्यावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अनेकींना वाटतं, अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून नोटरी केला की झालं. जिथे हा कायदा लागू आहे तिथे ते पुरत नाही. तालुक्याच्या गावी गाळा किंवा खोली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करा. हा कायदा तुमच्या गावाला लागू नसला तरी नोंदणीची सवय चांगलीच.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा करा. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या रकमेवरही तेवढंच. छोट्या खोलीसाठी हे फार होत नाही. आधार आणि अंगठ्याच्या आधारे ऑनलाइन नोंदणीही होते.

करारात या गोष्टी हव्यातच:
- भाडं किती, कोणत्या तारखेला, आणि मुदत कधी संपते
- डिपॉझिट किती आणि ते कधी परत द्यायचं
- लाइटबिल आणि पाणीपट्टी कुणी भरायची
- खोलीत किती माणसं राहणार
- खोली सोडायची असेल तर किती दिवस आधी सांगायचं

चावी देताना

भाडेकरूच्या आधारची प्रत आणि फोटो घ्या, तो कुठे कामाला आहे तिथे विचारपूस करा आणि पोलीस ठाण्यात माहिती द्या. खोलीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. पुढे डिपॉझिटवरून वाद झाला तर हेच कामाला येतात.

लाइटसाठी खोलीला वेगळा सबमीटर बसवा. जागा दुकानाला देत असाल तर घरगुती मीटरवर दुकान चालवू नका. तपासणीत सापडलं तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने बिल येतं, आणि ते मीटर ज्याच्या नावावर त्याच्याकडे येतं.

भाडं मिळालं की दर महिन्याला पावती द्या. भाडेकरूने भाडं थकवलं तर त्याचं सामान बाहेर फेकणं, लाइट-पाणी तोडणं असलं काही करू नका. त्यानं आपणच अडचणीत येतो. पहिलाच महिना थकला की लेखी कळवा. सहा महिने गप्प बसून मग भांडू नका.

गटात आपण पैसा देताना ठराव लिहितो, सह्या घेतो, मगच रक्कम हातात देतो. समोर सख्खी जाऊ असली तरी. खोली तर गटाच्या कर्जापेक्षा कितीतरी मोठी रक्कम आहे. तिलाही तोच नियम लावा.

पुढच्या बैठकीला येताना नमुना ८ चा उतारा आणि वहीत मांडलेला हिशेब घेऊन या. लिहिता येत नसेल तर सीआरपी ताईंना सोबत घ्या. हिशेब दहा जणींनी बघितला की त्यातली चूक सापडते, आणि ती वहीतच सापडलेली बरी.