विश्लेषण : जुन्या पद्मिनीचा गंज घरी काढता येतो का?

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. घरची गाडी म्हणून सांभाळलेल्या पद्मिनी आणि त्याआधीच्या फियाट मात्र आजही अनेक सोसायट्यांच्या आवारात कव्हरखाली उभ्या आहेत. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले, की इंजिनापेक्षा पत्र्याचेच काम मोठे ठरते. दाराच्या काठावर रंगाला फोड आलेले असतात, पायाखालचा पत्रा मऊ झालेला असतो. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ‘हे घरीच करून बघू’ असे अनेकांना वाटते. ते कुठपर्यंत शक्य आहे आणि कुठे थांबायला हवे, याविषयी…

या गाड्यांना इतका गंज का लागतो?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होत. ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाणारी मिलेसेंटो १९५४ ची, तर ११०० डिलाइट १९६४ ची. याच घराण्यातल्या गाडीला १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. आजच्या अनेक गाड्यांचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो. या गाड्यांचा पत्रा साध्या पोलादाचा. त्याचे रक्षण करणारा थर म्हणजे फक्त रंग.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. पाण्यात मीठ असले की ही प्रक्रिया वेगाने होते. त्यामुळे मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गाड्यांना कोरड्या भागातल्या गाड्यांपेक्षा जास्त त्रास होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. म्हणून रंग फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचा नवा पत्रा पुन्हा उघडा पडतो. गंज आपणहून थांबत नाही, तो याच कारणाने.

गंज नेमका कुठे शोधायचा?

बाहेर फोड दिसतो, तेव्हा गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडते. ही भोके माती आणि पाल्याने बुजली, की दार आतून पाणी धरून ठेवते. पुढच्या काचेचे रबर कडक झाले असेल, तर पाणी पायाखालच्या मॅटखाली जाते आणि तिथेच मुरते.

म्हणून तपासणी मॅट आणि गालिचे उचलूनच करावी. दारांचे खालचे काठ, दाराखालच्या पोकळ पट्ट्या (गॅरेजच्या भाषेत ‘सिल’), मडगार्डची आतली बाजू, हेडलाइटभोवतीचा भाग, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे आणि जॅक लावण्याची जागा, हे सगळे पाहावे. त्यासाठी दोनच साधने लागतात. लहान लोहचुंबक पत्र्यावर फिरवावे. तो जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा दाबून बघावा. तो दबला किंवा टोक आरपार गेले, तर तिथला पत्रा संपला आहे.

कोणता गंज घरी काढता येतो?

गंजाचे ढोबळ तीन प्रकार करता येतात. पहिला पृष्ठभागावरचा. घासल्यावर खाली चकचकीत पत्रा दिसतो. दुसरा खड्ड्यांचा. पत्रा अजून मजबूत असतो, पण त्यावर बारीक खळगे पडलेले असतात. तिसरा आरपार. पहिले दोन घरी हाताळता येतात, तिसरा वेल्डिंगशिवाय सुटत नाही.

जागाही तितकीच महत्त्वाची आहे. जुन्या जीपमध्ये वेगळी चॅसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीत तसे नाही. तिथे बॉडी हीच गाडीचा सांगाडा आहे. दाराखालच्या पट्ट्या, तळ आणि सस्पेन्शन जोडलेल्या जागा गाडीचा भार पेलतात. बॉनेटला भोक पडले तर गाडी कुरूप दिसते, सिल कुजले तर ती धोकादायक होते. भार पेलणाऱ्या भागात स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, तर घरचे काम तिथेच थांबवावे.

घरी काम कसे करायचे?

सुरुवातीला बॅटरी काढून ठेवावी. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, त्यामुळे पेट्रोलची टाकी आणि पाइप यांच्याजवळ तो चालवू नये. काम मोकळ्या हवेत करावे. क्रोमच्या पट्ट्या आणि रबरे काढून घ्यावीत, कारण गंज त्यांच्याखालीच दडलेला असतो.

मग गाडी धुऊन पूर्ण वाळवावी. फोडाच्या आसपास चांगला पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडावा. गंज दिसतो त्यापेक्षा नेहमीच मोठा निघतो. सुटे पापुद्रे वायर ब्रशने काढावेत आणि नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर वापरावा. उघड्या पत्र्यावर पाणी टाकून घासू नये, काही मिनिटांतच नवा तांबूस थर येतो.

खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी बाजारात ‘रस्ट कन्व्हर्टर’ मिळतो. त्यातले फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचे रूपांतर तुलनेने स्थिर थरात करते. पण हे द्रव्य सुट्या पापुद्र्यांवर किंवा पोकळीत खोलवर काम करत नाही. घासण्याचे कष्ट वाचवणारे हे औषध नव्हे. ते किती वेळ ठेवायचे आणि नंतर पाण्याने धुवायचे की नाही, हे डब्यावरच्या सूचनेप्रमाणेच करावे. आम्लाचा अंश मागे राहिला, तर त्यावरचा प्रायमर धरत नाही.

पत्रा कोरडा झाला की थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नये. घामातले मीठही पुरेसे असते. मग दोन डबे मिसळून तयार होणारा इपॉक्सी प्रायमर लावावा. साधा प्रायमर ओल शोषतो, इपॉक्सी पत्रा बंद करतो. त्यावर सांध्यांना सीलर, गरजेपुरती पातळ पुट्टी आणि शेवटी रंग, असा क्रम ठेवावा.

पुट्टीने भोक बुजवले तर काय बिघडते?

पुट्टी हे उंचसखलपणा मिटवण्याचे साहित्य आहे. तिला ताकद नाही आणि ती ओल शोषते. भोकावर जाळी ठेवून पुट्टी भरली, तर गाडी काही महिने देखणी दिसते. मागच्या बाजूने मात्र पाणी येतच राहते. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी आधीपेक्षा मोठा फोड येतो. जुनी गाडी विकत घेताना ताज्या रंगावर लोहचुंबक फिरवावे, ते याचसाठी.

वेल्डिंगचे काम देताना काय पाहावे?

कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापला जातो आहे की जुन्यावरच ठिगळ चढवले जात आहे, हा पहिला प्रश्न. वर ठिगळ बसले तर दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते आणि गंज आतून पुन्हा सुरू होतो. दुसरा प्रश्न उष्णतेचा. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले तर तो वाकतो. जाणता डेंटर थोड्या-थोड्या अंतरावर टाके घालत, पत्रा थंड होऊ देत पुढे जातो. तिसरा प्रश्न आधाराचा. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार द्यावा लागतो. तो नसेल तर बॉडी खाली बसते आणि काम झाल्यावर दारे लागत नाहीत. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी कापू नये.

म्हणजे काम वाटून घेता येते. सुटे भाग काढणे, खरवडणे, साफसफाई आणि प्रायमर घरी. कापणे आणि जोडणे डेंटरकडे. यात मजुरीही वाचते आणि रंग चढण्याआधी प्रत्येक जोड मालकाला डोळ्यांनी पाहता येतो.

आरोग्याला धोका कोणता?

जुन्या रंगांत शिसे असू शकते. त्यामुळे धूळ उडवू नये, योग्य रेस्पिरेटर घालावा आणि खरवडलेला चुरा गोळा करून बांधून ठेवावा. लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. वायर ब्रशच्या सुट्या तारा डोळ्यांत जाऊ शकतात, म्हणून गॉगल हवाच. आम्ल आणि इपॉक्सीसाठी हातमोजे हवेत. हार्डनर मिसळून फवारायच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतात आणि त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. हा रंग घरी फवारू नये, रंगाच्या बूथमध्येच मारून घ्यावा.

कामासाठी कोणते दिवस योग्य?

हवेतली ओल पत्र्यावर अदृश्य थर धरते आणि तिच्यावर लावलेला प्रायमर पुढे सुटतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, हा रंगकामातला सर्वमान्य संकेत आहे. आपल्याकडे दिवाळीनंतरचे कोरडे महिने त्यासाठी उत्तम. पहाटे दव असते, म्हणून ऊन चढल्यावर काम सुरू करावे. जेवढा पत्रा त्या दिवशी प्रायमरने झाकता येईल, तेवढाच उघडा करावा.

नियम काय सांगतात?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यासाठी पात्र ठरते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. नूतनीकरणाला ५ हजार रुपये लागतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही.

त्यामुळे बदललेला पत्रा मूळ आकाराचाच बसवावा आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे जपावीत. चॅसिस क्रमांक कोरलेल्या जागी ग्राइंडर लावू नये. मूळ रंग बदलायचा असेल, तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

पुन्हा गंज लागू नये म्हणून काय करावे?

रंग वाळल्यावर दारे आणि सिलच्या पोकळ्यांत मेणासारखे ‘कॅव्हिटी वॅक्स’ फवारावे. मात्र पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करून घ्यावीत, वॅक्सने ती बुजता कामा नयेत. प्लास्टिकचे कव्हर ओल कोंडते, म्हणून हवा खेळेल असे कापडी कव्हर घ्यावे. जून उजाडण्याआधी काचांची रबरे तपासावीत आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की मॅट उचलून खालचा पत्रा हाताने चाचपावा. ओल हाताला वेळीच लागली, तर पुढचे वेल्डिंग टळते.