आधी शाळा, मग स्केटबोर्ड

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात २०१५ साली उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी मुलांसाठी स्केटपार्क उभारले. तेथील नियम दोन : शाळा बुडविणाऱ्यास खेळ नाही आणि पहिला मान मुलींचा. एरवी परस्परांपासून दूर राहणारी आदिवासी व यादव मुले तेथे एकत्र खेळू लागली.

१९२७ च्या महाड सत्याग्रहाने सार्वजनिक पाणवठ्यावरील समान हक्क शिकविला. क्रीडांगणही तसेच सर्वांचे असले पाहिजे. तथापि आपल्या बारामती-इंदापूर भागात सायंकाळी मैदान मुलांचे आणि कठडा मुलींचा, हे चित्र आम्ही शिक्षकांनीही वर्षानुवर्षे चालू दिले.

शाळेनंतर असा वर्ग निघाल्यास पालकांनी मुलीचेही नाव घालावे. चार चाकांची ही फळी शरीराचा भार ज्या बाजूस द्यावा त्या बाजूस वळते. म्हणून पहिला धडा तोल सांभाळण्याचा, दुसरा इजा न होता पडण्याचा. हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड अनिवार्य. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने याच खेळात सुवर्णपदक मिळविले. पडून पुन्हा उठण्याची ही संधी आम्ही आमच्या मुलींना यापुढे नाकारू नये.