वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र : नियम, मुदत आणि गावाची जबाबदारी

छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेकडे पैठणला जाणारा रस्ता चितेगाव ओलांडून पुढे बिडकीन, ढोरकीन या गावांकडे जातो. एके काळी दूरचित्रवाणी संचांच्या कारखान्यामुळे चितेगावचे नाव राज्यभर पोहोचले. पुढे बिडकीन परिसरात औद्योगिक वसाहतीचे काम उभे राहिले आणि या रस्त्यावरील वर्दळीत मोठी भर पडली. पहाटे कामगारांच्या बसगाड्या, सकाळी विद्यार्थ्यांना नेणारी पिवळी वाहने, दिवसभर मालमोटारी व टेम्पो, हंगामात उसाचे ट्रॅक्टर, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर आणि फाल्गुनातील नाथषष्ठीला पैठणकडे निघालेली भाविकांची वाहने, अशी नाना प्रकारची वाहने एकाच रस्त्याने धावत असतात.

यांपैकी प्रत्येक वाहनाचे ब्रेक धड आहेत किंवा नाहीत, हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पादचाऱ्याला कळू शकत नाही. शाळेच्या वाहनात मुलाला बसविणाऱ्या पालकालाही ते कळत नाही. म्हणूनच ही पारख करण्याचे काम कायद्याने एका सक्षम प्राधिकाऱ्याकडे सोपविले असून तिचा पुरावा म्हणून ‘योग्यता प्रमाणपत्र’ देण्याची पद्धत ठरवून दिली आहे. बोलीभाषेत यालाच ‘पासिंग’ किंवा ‘फिटनेस’ म्हणतात. हे प्रमाणपत्र कोणत्या वाहनास लागते, किती मुदतीचे असते आणि ती मुदत संपल्यास काय होते, याची माहिती केवळ वाहनमालकालाच असून भागत नाही. वाहन भाड्याने घेणाऱ्या ग्रामपंचायतीस, शाळेस व कार्यालयासही ती असणे आवश्यक आहे.

कायद्याची भूमिका

वाहनाच्या योग्यतेची अट नवी नाही. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातही ती होती. त्या अधिनियमाची जागा घेणारा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५६ मध्ये योग्यता प्रमाणपत्राची तरतूद आहे. मुदत, नमुने व तपासणीची रीत यांचा तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आढळतो.

कलम ५६ चा आशय थोडक्यात असा की, परिवहन संवर्गातील वाहनाजवळ चालू मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जाणार नाही. ही तरतूद नीट समजून घेणे अगत्याचे आहे. नोंदणीपुस्तक जवळ आहे, क्रमांकाची पाटी लावलेली आहे, कर भरलेला आहे. तरीही प्रमाणपत्राची मुदत संपलेल्या दिवसापासून ते वाहन कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेल्या वाहनासारखेच ठरते.

असे वाहन चालविल्यास पहिल्या अपराधासाठी दोन हजार ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद कलम १९२ मध्ये आहे. दुसऱ्या व त्यापुढील अपराधासाठी एक वर्षापर्यंत कारावास, किंवा पाच हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हे कलम केवळ चालकापुरते मर्यादित नाही. जो ते वाहन वापरावयास लावतो किंवा वापरू देतो, तोही जबाबदार धरला जातो. शिवाय अपघात घडल्यास विम्याच्या दाव्यात प्रमाणपत्राच्या मुदतीचा प्रश्न उपस्थित होतो आणि भरपाईसाठी आधीच त्रस्त असलेल्या कुटुंबाला त्या वादाची झळ सोसावी लागते.

मुदतीचे गणित

मुदतीच्या दृष्टीने वाहनांचे दोन मुख्य वर्ग पडतात. मालमोटार, टेम्पो, प्रवासी बस, टॅक्सी, रिक्षा, शाळेची बस ही परिवहन वाहने होत. खाजगी वापराची मोटार व दुचाकी ही परिवहनेतर वाहने होत.

कारखान्यातून पूर्ण बांधणी होऊन आलेल्या नव्या परिवहन वाहनास नोंदणीच्या दिनांकापासून दोन वर्षे योग्य मानले जाते. त्याची नोंदणीच्या वेळी वेगळी तपासणी होत नाही. त्यानंतर, वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर नूतनीकरण दोन वर्षांसाठी व आठ वर्षांनंतर दर नूतनीकरण एका वर्षासाठी केले जाते. पूर्वी पहिल्या दोन वर्षांनंतर दरसाल तपासणी करावी लागत असे. सध्याची रचना २०१८ च्या सुधारणेने आली.

उदाहरणार्थ, एखाद्या टेम्पोची नोंदणी जून २०१९ मध्ये झाली असे समजू. त्याची पहिली मुदत जून २०२१ मध्ये संपते. नूतनीकरण वेळेवर होत गेल्यास पुढील मुदती जून २०२३, जून २०२५ व जून २०२७ अशा येतात. तेथे आठ वर्षे पूर्ण होतात आणि त्यापुढे दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. अनेक मालकांची चूक नेमकी याच टप्प्यावर होते. दोन वर्षांच्या अंतराची सवय जडलेली असते आणि नवव्या वर्षानंतरची तारीख नजरेतून निसटते. वाहन जसजसे जुने होते तसतशी त्याची झीज वाढते, म्हणूनच तपासणीतील अंतर कमी केलेले आहे.

खाजगी मोटार व दुचाकी यांची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो.

शेतीकामाचा ट्रॅक्टर केंद्रीय नियमांनुसार परिवहनेतर वाहनांत मोडतो. परंतु ट्रॉली जोडून वीट, वाळू किंवा इतर माल भाड्याने वाहू लागल्यास तो वापर शेतीकामाचा राहत नाही, ही बाब गावोगावी ध्यानात घेतली पाहिजे. ऊस वाहतुकीच्या हंगामात मागील दिवे व परावर्तक नसलेली ट्रॉली रात्रीच्या वेळी मागून येणाऱ्या वाहनास दिसत नाही. प्रमाणपत्राचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी हा दोष जिवावर बेतणारा आहे.

तपासणीत काय पाहतात

योग्यता प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांत पुष्कळदा गल्लत होते. दुसऱ्या प्रमाणपत्रात केवळ धुराचे प्रमाण पाहिले जाते. योग्यता तपासणीत मात्र संपूर्ण वाहनाचा विचार होतो. ब्रेक, सुकाणू, निलंबन व्यवस्था, टायर, दिवे व परावर्तक, भोंगा, काचपुसणी, वेगदर्शक, आसने व आसनपट्टे, सांगाडा व बांधणी, वेगमर्यादा यंत्र आवश्यक असल्यास ते, आणि धूर या साऱ्या बाबी तपासल्या जातात.

प्रत्येक बाबीमागे कारण आहे. एका बाजूचा ब्रेक अधिक व दुसऱ्या बाजूचा कमी लागत असेल, तर जोराने ब्रेक दाबताच वाहन एका अंगाला ओढले जाते. चारचाकी व त्यापेक्षा मोठ्या वाहनांच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या बाबतीत ०.८ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. ही नक्षी झिजलेली असेल तर पावसाळ्यात टायर व रस्ता यांमधील पाणी बाहेर पडत नाही आणि चाकाची पकड सुटते. दिव्याचा झोत वर लागला असेल तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

पूर्वी ही तपासणी बव्हंशी मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेवर व अनुभवावर अवलंबून असे. ब्रेकची चाचणी घेण्यास वाहनाला आधी वेग घ्यावा लागतो व त्यासाठी पुरेशी जागा लागते. ही उणीव एका जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडली गेली. न्यायालयाच्या आदेशांनंतर राज्यातील परिवहन कार्यालयांसाठी २५० मीटर लांबीच्या चाचणी पथाचा आग्रह धरण्यात आला. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत स्वयंचलित तपासणी केंद्रांची तरतूद झाली. अशा केंद्रात फिरत्या रुळांवर चाके ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो आणि मिळालेले आकडे यंत्राद्वारे नोंदले जातात. त्यामुळे मोजमापात माणसाच्या मर्जीला वाव राहत नाही. ज्या कार्यक्षेत्रात असे केंद्र सुरू झाले आहे, तेथील वाहने टप्प्याटप्प्याने त्याच मार्गाने तपासण्याचे धोरण आहे.

अर्ज आणि पूर्वतयारी

अर्ज परिवहन विभागाच्या संगणकीय प्रणालीवर करून तपासणीचा दिवस व वेळ घ्यावी लागते. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, परवाना, कर व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांची मुदत आधी पाहून घ्यावी. यांपैकी एखादे कागद अपुरे असल्यास ठरलेला दिवस वाया जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मुदत संपण्याच्या किमान एक महिना आधी वाहन विश्वासू कारागिराकडून पाहून घेतल्यास, तपासणीत आढळणारे बहुतेक दोष आधीच दूर होतात. सर्व वाहनमालक अखेरच्या आठवड्यात गेले तर सोईची वेळ मिळणे अवघड होते, हेही लक्षात ठेवावे.

तपासणीत दोष आढळल्यास ते दुरुस्त करून वाहन पुन्हा दाखविता येते. दिलेले प्रमाणपत्र संपूर्ण भारतात ग्राह्य असते. मात्र मुदतीच्या आतही वाहन नियमांप्रमाणे राहिलेले नाही अशी खात्री झाल्यास, मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन व कारणे लेखी नोंदवून, प्राधिकाऱ्यास ते रद्द करता येते. आदेशाने बाधित झालेल्या व्यक्तीस तीस दिवसांच्या आत अपील करता येते. प्रमाणपत्र म्हणजे वाहन तपासणीच्या दिवशी योग्य होते याची ग्वाही होय. उरलेल्या दिवसांची जबाबदारी मालकाची व चालकाचीच राहते.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कर्तव्य

महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावी लागते. पालक, पोलीस व परिवहन विभाग यांच्या प्रतिनिधींना तीत स्थान आहे. वाहनाची नोंदणी, योग्यता, विमा, परवाना व चालकाची अनुज्ञप्ती यांची पडताळणी हे या समितीचे काम होय. समितीची नोंदवही केवळ कागदोपत्री राहिली, तर नियमाचा हेतूच विफल होतो. जून महिन्यात शाळा उघडताना प्रत्येक वाहनाच्या मुदतीचा दिनांक फलकावर लिहून ठेवणे, हा अगदी साधा व बिनखर्चाचा उपाय आहे. वर्षाच्या मध्येच मुदत संपणारे वाहन त्यामुळे सर्वांच्या नजरेस येते.

ग्रामपंचायतीचा संबंध दुहेरी आहे. एक म्हणजे पंचायतीची स्वतःची वाहने. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमानुसार शासकीय विभाग, महानगरपालिका, नगरपालिका व पंचायती यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे चालू राहत नाही. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांचा तेवढा अपवाद आहे. त्यामुळे जुनी घंटागाडी किंवा टँकर केवळ ‘अजून चालतो’ म्हणून वापरता येणार नाही. नव्या वाहनाची तरतूद अंदाजपत्रकात वेळीच करणे हितावह ठरते.

दुसरी बाब भाड्याच्या वाहनांची. पाणीटंचाईच्या दिवसांत मराठवाड्यात टँकर लावावे लागतात. गरज तातडीची असते आणि मिळेल ते वाहन घेण्याकडे कल होतो. तथापि पाण्याने भरलेला टँकर हे अतिशय जड वाहन असते. टाकीतील पाणी वळणावर व ब्रेक लावताना हेलकावते आणि गावातील अरुंद रस्त्यावर त्याभोवती घागरी घेतलेल्या स्त्रिया व मुले गर्दी करतात. अशा ठिकाणी दुबळे ब्रेक असलेले वाहन आणणे म्हणजे तहान भागविताना दुसरे संकट ओढवून घेणे होय. म्हणून करार करताना योग्यता प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी, त्यावरील अंतिम दिनांक करारात नमूद करावा आणि कराराच्या काळात मुदत संपत असल्यास नूतनीकरणाची अट घालावी.

पडताळणी आता कठीण राहिलेली नाही. वाहनाचा क्रमांक परिवहन विभागाच्या संगणकीय प्रणालीवर किंवा भ्रमणध्वनीवरील अधिकृत अॅपवर टाकल्यास नोंदणी, विमा व योग्यता यांच्या मुदती दिसतात. एम.एच. २० या क्रमांकमालिकेतील वाहन असो वा परजिल्ह्यातील, ग्रामसेवकास किंवा शिक्षकास ही खातरजमा जागच्या जागी करता येते.

चितेगावसारख्या वाढत्या गावांना कारखाने, शाळा व बाजारपेठ यांसाठी वाहने हवीत, आणि ती वाढत जाणार. त्या वाहनांची वेळच्या वेळी तपासणी होणे हाही विकासाचाच भाग आहे. तपासणीचा खर्च व एका दिवसाचा खोळंबा मालकाला जाणवतो, हे खरे आहे. परंतु निकामी ब्रेकची किंमत बहुधा त्याला नव्हे, तर रस्ता ओलांडणाऱ्या दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. वाहन ठरविताना भाड्याच्या दराआधी प्रमाणपत्रावरील तारीख विचारण्याची प्रथा शाळा, पंचायती व कार्यालये यांनी पाडली, तर कायद्याचा हेतू दंडावाचूनही साध्य होऊ शकेल.